दंडावरची चकती

मधुमेहावर मराठीत पुस्तकं भरपूर आहेत. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर भविष्याच्या आणि पाककृतींच्या पुस्तकांशेजारी त्यांची थप्पी असते. बहुतेकांची बैठक एकच : डॉक्टर बोलतात, रुग्ण ऐकतात. काय खावं, काय सोडावं, किती चालावं, गोळी कधी घ्यावी. सल्ला चुकीचा नसतो. पण तो ऐकून घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, त्यातलं काय जमलं, काय जमलं नाही आणि का, हे त्या पुस्तकांत शोधून सापडत नाही.

हकिकतींच्या या संग्रहात बोलणारे पुष्कळ आहेत. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातले शेतकरी, बेळगावातले नोकरदार, निपाणीच्या विड्या वळणाऱ्या बाया, मधुमेह झालेल्या मुलांचे आईबाप, परिचारिका आणि काही डॉक्टर. सगळे एकाच वस्तूबद्दल बोलतात. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची एक चकती, जी अंगातल्या साखरेचं मोजमाप दिवसरात्र घेत राहते. वैद्यकीय भाषेत कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटरिंग, म्हणजे सीजीएम. लोक तिला सेन्सर म्हणतात, बटण म्हणतात. एका आजीबाईंनी तर सरळ 'मीटर' म्हटलंय, लाइटीचा असतो तसा.

जांबोटी का, असं कुणी विचारेल. या यंत्राबद्दलचं जगभरातलं लिखाण बहुतांशी शहरातलं आहे, आणि त्यातही पैसेवाल्या देशांतलं. जांबोटी बेळगावहून चोर्ला घाटमार्गे पणजीला जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते. पावसाळ्यात इथे धो धो म्हणजे किती, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. शेती भाताची, ताटातही भात. औषधाचं मोठं दुकान गाठायचं तर बेळगाव. दवाखान्याच्या पाटीवर कन्नड, औषधाच्या चिठ्ठीवर इंग्रजी आणि घरात मराठी, ही इथली रोजची व्यवस्था. आणि हा रस्ता ज्या गोव्यात उतरतो, तिथे मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आढळलं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत गोव्याचा आकडा २६.४ टक्के होता. देशभरात १०.१ कोटी मधुमेही आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. हा श्रीमंतांचा, शहरातला, बसून खाणाऱ्यांचा आजार आहे ही समजूत सोडायला आपल्याकडे फार उशीर झाला. दिवसभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या माणसालाही शुगर असते. 'एवढं राबतो, मला कशी होईल?' हा प्रश्न मी या भागात दवाखाना चालवत होतो तेव्हा अगणित वेळा ऐकला.

त्याचं एक उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'बारीक पण चरबीदार' भारतीय शरीराची कल्पना मांडली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी यूडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते आत असतं, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. याज्ञिकांनी त्याचं मूळ आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत नेलं. म्हणजे जांबोटीच्या राबणाऱ्या माणसाचा प्रश्न रास्त होता. उत्तर त्याच्या आजच्या कष्टांत नव्हतं, दोन पिढ्यांच्या उपासमारीत होतं.

आता यंत्राकडे वळू. चकती दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. तिच्या पोटातून केसासारखा बारीक, पाचएक मिलिमीटरचा तंतू त्वचेखाली जातो. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर बसवलेलं असतं. साखरेशी त्याची अभिक्रिया झाली की अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो, आणि प्रवाहावरून साखरेचा आकडा काढतात. ही साखर रक्तातली नसते, पेशींच्या मधल्या पाण्यातली असते. रक्तातला बदल तिथे पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. एरवी एवढ्या उशिराने काही बिघडत नाही. पण साखर भराभर उतरत असेल तर घाम फुटलेला असतो, हात थरथरत असतात आणि सेन्सरशी जोडलेला मोबाइल मात्र ८५, म्हणजे सगळं ठीक, दाखवत असतो. अशा वेळी यंत्रावर नाही, अंगावर विश्वास ठेवायचा. बोट टोचून ग्लुकोमीटरवर खात्री करायची, आणि ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर आधी साखर तोंडात टाकायची. हे सगळ्या अनुभवी रुग्णांना पाठ आहे. नव्यांना कुणी सांगत नाही.

साखर मोजण्याचा इतिहास हा मोजण्याचा हक्क कुणाचा, याचाही इतिहास आहे. मधुमेह चरक-सुश्रुतांना ठाऊक होता. लघवीला मुंग्या लागतात ही खूण त्यांची. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सनने त्या लघवीत साखरच असते हे दाखवून दिलं. विसाव्या शतकाच्या आरंभी स्टॅनली बेनेडिक्टचं निळं द्रावण आलं, आणि पुढची कित्येक दशकं घरोघरी परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा. द्रावणात आठ थेंब लघवी घालून उकळायचं. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं-नारिंगी झालं तर जास्त, विटकरी झालं तर पथ्य मोडलेलं. जुन्या घरांत या रंगावरून भांडणं होत. पण लघवीत साखर उतरते ती रक्तात १८०च्या आसपास गेल्यावर. तिथवर सगळं निळंच. आणि साखर धोकादायकरीत्या खाली गेली असेल तर बेनेडिक्टला त्याचा पत्ताच नसे. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं आणि साखर खाली जाणं ही नवीच भीती जन्माला आली. ती मोजायचं साधन यायला मात्र आणखी चाळीसहून अधिक वर्षं लागली.

१९६५च्या सुमारास रक्ताचा थेंब टाकून रंग पाहायची पट्टी आली, १९७० मध्ये तो रंग वाचणारं एम्स कंपनीचं यंत्र. ते डॉक्टरांसाठी होतं, रुग्णांना विकत नसत. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या इंजिनिअरला बाराव्या वर्षापासून मधुमेह. त्याची बायको डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर त्याने यंत्र मागवलं. स्वतःची साखर दिवसातून अनेकदा मोजून त्याने आपलं इन्सुलिन आणि जेवण बसवलं, तब्येत सुधारली. त्याने ते लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवलं. रुग्णाने स्वतः साखर मोजण्याची गरजच काय, अशा थाटात ते परत आलं. तेव्हा हा गृहस्थ पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि डॉक्टर होऊन बोलू लागला. डॉक्टर झाल्यावर लोकांनी ऐकलं. ही गोष्ट मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते.

पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतला 'डीसीसीटी' हा मोठा अभ्यास पुरा झाला. टाइप १ मधुमेहात, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळपास बनतच नाही त्या प्रकारात, साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात हे त्याने सिद्ध केलं. आणि अशी काटेकोर साखर ठेवणाऱ्यांत बेशुद्ध होण्यापर्यंत साखर उतरण्याचे प्रसंग तिप्पट होतात, हेही. म्हणजे कडा दोन्हीकडे. मधला रस्ता कुठे आहे ते बोट टोचून दिवसातून चारदा पाहून कळत नव्हतं. 'तीन महिन्यांची टेस्ट', म्हणजे एचबीए१सी, सरासरी सांगते. ३०० आणि ५० यांची सरासरीही १७५ येते. शिवाय आपल्याकडे तिला आणखी एक खोट आहे. ही चाचणी तांबड्या पेशींवर होते. लोहाची कमतरता असेल तर आकडा खोटाच वर जातो. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रिया रक्तक्षयाच्या आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी वर्षानुवर्षं सांगते आहे. त्यांच्या औषधाचा निर्णय या एका आकड्यावर घेताना हात जरा थांबायला हवा.

सतत मोजणारं पहिलं यंत्र अमेरिकेत १९९९ मध्ये मंजूर झालं. तीन दिवस पोटावर लावायचं, आकडे रुग्णाला दिसत नसत. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर ते उतरवून बघत. पुन्हा बर्नस्टीनचंच दार बंद. ते उघडलं २००५-०६च्या सुमारास, आकडा तिथल्या तिथे रुग्णाच्या हाती देणाऱ्या यंत्रांनी. २००८ मध्ये त्यांची मोठी चाचणी झाली तेव्हा एक मजेदार गोष्ट पुढे आली. पंचविशीपुढच्या रुग्णांना फायदा झाला; पंधरा ते चोवीस वयाच्यांना नाही. कारण पोरांनी ते नियमित लावलंच नाही. यंत्र कितीही हुशार असो, ते अंगावर ठेवणारा माणूस असतो.

पोरांच्या आईबापांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. झोपलेल्या लेकराची साखर रात्री कुठे जाईल याची धास्ती त्यांना झोपू देत नव्हती. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन कॉस्टिक या इंजिनिअर बापाने आपल्या लहानग्या मुलाच्या यंत्रातले आकडे इंटरनेटवर चढवायची युक्ती काढली, म्हणजे मुलगा शाळेत असला तरी ते दिसावेत. त्यातून 'नाइटस्काउट' उभं राहिलं. त्यापाठोपाठ डॅना लुईस या रुग्ण तरुणीने सेन्सर आणि इन्सुलिनचा पंप एकमेकांना जोडून स्वतःपुरतं कृत्रिम स्वादुपिंड बनवलं आणि त्याची कृती सगळ्यांना फुकट वाटली. कंपन्यांच्या आणि सरकारी मंजुरीच्या वाटेकडे डोळे लावून बसणार नाही, हे या पंथाचं ब्रीद. कंपन्या मागून आल्या.

भारतात हे प्रकरण निराळ्या वाटेने आलं, आणि त्या वाटेचा विचार मराठीत कुणी फारसा केलेला नाही. २०१५ मध्ये इथे 'फ्रीस्टाइल लिब्रे प्रो' हा सेन्सर आला. दवाखान्यात लावायचा, चौदा दिवसांनी येऊन काढून घ्यायचा. दर पंधरा मिनिटांना एक नोंद, दिवसाला ९६, चौदा दिवसांत १,३४४. सगळ्या नोंदी चकतीतच साठतात. मोबाइल नको, नेटवर्क नको. रुग्णाला आकडा दिसत नाही. डॉक्टरांच्या हाती शेवटी एक कागद येतो : चोवीस तासांच्या पट्टीवर चौदा दिवसांच्या रेषा एकावर एक टाकून काढलेला आलेख. ही मांडणी रॉजर मॅझी यांची, १९८७ पासूनची. पश्चिमेत सेन्सर कायम अंगावर ठेवायचा असतो. आपल्याकडे तो वर्षातून एकदा-दोनदा लावून आयुष्याची झडती घ्यायची. यात अर्थातच पैशाचा भाग मोठा. पण मला ही भारतीय रीत नुसती गरिबीची तडजोड वाटत नाही. टाइप २च्या ज्या रुग्णाला इन्सुलिन चालू नाही, त्याला बारा महिने आकडा पाहत बसण्याची गरज नसते. चौदा दिवसांत त्याच्या दिवसाचा आकार कळतो. मग त्या आकाराबद्दल बोलायचं असतं.

हे बोलणं कसं होतं, ते या पुस्तकाचं खरं द्रव्य.

जांबोटीजवळच्या खेड्यातल्या एक बाई आहेत, साठी ओलांडलेल्या. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं 'भात कमी करा' लिहिलं. त्यांनी दुपारचा भात अर्ध्यावर आणला, संध्याकाळी भाकरी धरली, साखर हटली नाही. सेन्सर लावताना परिचारिकेने त्यांच्या नातवाला एक वही दिली आणि आजी जे खाईल ते वेळेसकट लिहायला सांगितलं. वहीचं एक पान असं : 'सकाळी ७ चहा, २ टोस्ट. ९ पेज, लोणचं. १ भात थोडा, आमटी, सुकट. ४ चहा, टोस्ट १. ८ भाकरी, भाजी.' आलेखात दुपारचा भात म्हणजे एक बुटकी टेकडी. डोंगर होता सकाळी दहाच्या सुमाराला : टोस्ट आणि त्यावर पेज. शिजून मऊ झालेला, पाण्यात मिसळलेला तांदूळ पचायला वेळ घेत नाही, पोटातून लगेच रक्तात जातो. पेज बाईंच्या लेखी जेवण नव्हतंच, ती आजाऱ्यालाही चालणारी हलकी गोष्ट. डॉक्टरांना ती कधी सांगितलीच नव्हती, कारण डॉक्टरांनी 'जेवणात काय?' एवढंच विचारलं होतं. डोंगर दहा वाजता आहे हे आलेखाने सांगितलं. तो कशाचा आहे हे वहीने सांगितलं. वहीशिवाय आलेख मुका असतो, हे मी या संग्रहातून उचललेलं पहिलं वाक्य.

नाचणीच्या आंबिलीचंही तसंच आहे. नाचणी मधुमेहाला चांगली, असं सगळेच सांगतात. भाकरी म्हणून ठीक. पण बारीक दळून पातळ शिजवलेली आंबील काही जणांच्या आलेखात भाताच्या वर गेलेली आहे. काही जणांच्या, सगळ्यांच्या नाही. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत २०१५ मध्ये आठशे लोकांना सेन्सर लावून पाहिलं, तेव्हा एकाच पदार्थाला माणसागणिक निराळा प्रतिसाद मिळाला. आपल्याकडच्या 'हे खा, हे खाऊ नका' या छापील तक्त्यांचं त्यानंतर काय करायचं, हा प्रश्नच आहे. आणि उपवास! आषाढीचा एक आलेख पुस्तकात छापलाय. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बेळगावची रताळी, म्हणजे पिष्टावर पिष्ट. गोड कुंदा खाल्लेल्या दिवसापेक्षा एकादशीचा दिवस वर आहे. त्या गृहस्थांनी खाली नुसतं लिहिलंय : 'विठ्ठलाला ठाऊक असणार.'

दुसऱ्या एका हकिकतीने मला जास्त अस्वस्थ केलं. सत्तरीतला शेतकरी, तीन महिन्यांची टेस्ट ६.४. डॉक्टर खूश. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन माणूस शेतात जायचा, जेवायला दोन वाजायचे. बाराच्या सुमारास डोळ्यांपुढे अंधारी येई. म्हातारपण म्हणून तो बांधावर टेकायचा. सेन्सरमध्ये रोज त्या वेळी साखर साठीच्या खाली. ग्लिमेपिराइड स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यांत मिळतं, आणि स्वादुपिंडाला जेवणाची वाट न पाहता इन्सुलिन सोडायला लावतं. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून उद्दिष्टं ठरवली. सर्वसाधारण रुग्णाची साखर दिवसातले ७० टक्के, म्हणजे सुमारे १७ तास, ७० ते १८० या पट्ट्यात असावी आणि ७०च्या खाली दिवसाकाठी तासाभराहून कमी. वयोवृद्धांसाठी मात्र निम्मा दिवस पट्ट्यात असला तरी पुरे. खाली घसरणं पाव तासाच्या आत हवं. म्हाताऱ्या माणसाची साखर थोडी जास्त राहिली तर चालेल, पण पडू द्यायची नाही. हे पुस्तकी ज्ञान त्या डॉक्टरांना होतंच. त्यांनी आपल्या हकिकतीत लिहिलंय की ज्या आकड्याबद्दल ते या माणसाची पाठ थोपटत होते, तो आकडा त्या बाराच्या अंधारीनेच खाली आणला होता. गोळी कमी झाली. पेशंटची साखर बघायला लावलेलं यंत्र डॉक्टरच्या चिठ्ठीचीही तपासणी करतं, आणि बऱ्याच डॉक्टरांचा सेन्सरबद्दलचा नापसंतीचा सूर कुठून येतो याचा थोडा उलगडा इथे होतो.

थोडाच. बाकीची कारणं खरी आहेत. ओपीडीबाहेर रांग लागलेली असताना १,३४४ आकड्यांचा कागद समोर येतो, आणि तो वाचायला वेळ कुणाकडे असतो? आकडे खोटेही असतात. पहिला दिवस सेन्सर जरा बिचकतच चालतो. मग झोपेत दंडावर भार पडला की तिथला द्रव दाबला जातो आणि साखर उतरल्याचं खोटंच दिसतं. एका रुग्णाला रोज पहाटे तीनला ५० दिसत होते. इन्सुलिन कमी करायचं ठरलंही होतं. परिचारिकेने विचारलं, 'कुठल्या कुशीवर झोपता ओ?' डाव्या. सेन्सरही डाव्या दंडावर. तो उजवीकडे लावला, पहाटेचे पन्नास गेले. हे तिने लिहिलंय तेही दोनच ओळींत. परिचारिकांच्या हकिकती या संग्रहात सगळ्यांत आखूड आहेत आणि सगळ्यांत उपयोगी.

घरातलं राजकारण हा वेगळाच अध्याय होऊ शकला असता. सेन्सर मोबाइलशी जोडला की आकडा घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरही जातो. आईला लेकराचा आकडा दिसणं हा दिलासा. नवऱ्याला बायकोचा दिसला की 'आत्ता काय खाल्लंस?' एक बाई लिहितात की त्या लग्नात जेवायला बसल्या आणि बेळगावहून मुलाचा फोन आला, जिलेबी थांबव. लग्नाच्या वयातल्या मुलीच्या दंडावरची चकती बाहीखाली लपवावी की दाखवावी, यावर एका घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही या पुस्तकात आली आहेत. संपादकांनी त्यांत निवाडा केला नाही, हे चांगलं केलं.

दुसरीकडे निपाणीची एक विडी कामगार. तिला ग्लुकोमीटरचा तिटकारा होता, आळस म्हणून नव्हे. टोचलेल्या बोटाने पान ओढून वळायला दुखतं, त्या दिवशी विड्या कमी भरतात, मजुरी कमी. बोटावर पोट असलेल्यांना बोट टोचायला सांगताना हे आपल्या कधी लक्षात आलं होतं का? तिला चौदा दिवस दंडावरची चकती म्हणजे सुट्टीच वाटली. बेळगावातल्या कारकुनाला मात्र तीच चकती पायातल्या बेडीसारखी वाटली. तो दर दहा मिनिटांनी मोबाइल काढून बघायचा. एकच वस्तू.

पाऊस, घाम आणि शेतीकाम यांत चकती सुटते. प्लास्टिकच्या खोळीखाली अंग ओलंचिंब असतं. वरून चिकटपट्टी लावायची युक्ती जवळपास प्रत्येकाने स्वतःची स्वतः शोधलीय. शिवाय रुग्णाने स्वतः वाचायचा सेन्सर जुन्या पद्धतीचा असेल तर तो आठच तासांच्या नोंदी धरून ठेवतो, आणि तो वाचायला एनएफसी, म्हणजे जवळ धरून वाचायचं तंत्र, असलेला मोबाइल लागतो. स्वस्तातल्या पुष्कळ मोबाइलमध्ये ते नसतं. मग नातवाचा मोबाइल. नातू कॉलेजला गेला की दुपारची साखर कोरी.

आणि किंमत. एक सेन्सर साधारण चार-पाच हजारांचा, चौदा दिवसांचा. वर्षभर लावायचा म्हटलं तर सव्वीस, लाखाच्या वर. ब्रिटनमध्ये २०२२ पासून टाइप १च्या सगळ्या प्रौढांना तो सरकारी आरोग्यसेवेतून द्यावा असं ठरलंय. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर तपासायची योजना आहे, तीही मोठीच गोष्ट. सेन्सर त्यात नाही. टाइप १च्या मुलांना इन्सुलिन मिळत राहावं म्हणून नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या 'ड्रीम ट्रस्ट'ने, औरंगाबादेत डॉ. अर्चना सारडा यांच्या 'उडान'ने वर्षानुवर्षं खपून काम केलं. त्यांच्या कामाकडे पाहिलं की क्रम स्पष्ट होतो : आधी इन्सुलिन, मग ते थंड ठेवायची सोय, मग पट्ट्या, मग सेन्सर. हा क्रम सोडून नुसता सेन्सरचा उदोउदो करण्यात अर्थ नाही. मात्र मुलांच्या बाबतीत चौथ्या पायरीपर्यंत सार्वजनिक पैशाने जायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री जागणाऱ्या आईला आपण आणखी किती वर्षं गजर लावून उठवणार?

हे सगळं आत्ता छापायची निकड एका वेगळ्याच बाजूने आली आहे. मधुमेह नसलेले लोक सेन्सर लावू लागलेत. बंगळुरूच्या अल्ट्राह्युमनसारख्या कंपन्यांनी तो फिटनेसचा दागिना केला. अमेरिकेत २०२४ पासून काही सेन्सर चिठ्ठीशिवाय मिळतात. निरोगी माणसाची साखर जेवणानंतर १४० ला टेकून परत येते, ते पाहून लोक भात सोडतात, फळं सोडतात, रात्री झोप सोडतात. या पंथाबद्दल मला आदर नाही. त्याच्या जाहिरातींनी मराठी वाचकाला सेन्सरची पहिली ओळख होत असेल, तर दुसरी ओळख जांबोटीच्या पेजेने व्हावी.

पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. कुठला सेन्सर घ्यावा, हे इथे सांगितलेलं नाही. आकडे आणि शिफारशी वर्षा-दोन वर्षांत बदलतात. हकिकती जशा सांगितल्या तशा ठेवल्या आहेत, बेळगावी बोलीसकट, 'करतासा'-'जातासा'सकट. नावं गाळली आहेत, कारण या गावांत दंडावर चकती असलेली माणसं मोजकी आणि सगळ्यांना ठाऊक. रुग्णाची आणि त्याच्या डॉक्टरांची हकीकत जिथे दोन्ही मिळाल्या तिथे त्या समोरासमोरच्या पानांवर आहेत. त्या कधी जुळत नाहीत. आधी डावं पान वाचावं, असा काही नियम नाही. आलेखांत जिथे सेन्सर सुटला किंवा नातू घरी नव्हता, तिथली जागा कोरी सोडली आहे, रेषेने जोडलेली नाही.

एक उणीव मला खटकते. आशा कार्यकर्त्यांची एकही हकीकत इथे नाही. घरोघर जाणाऱ्या, कोण गोळ्या घेतं आणि कोण त्या डब्यात साठवतं हे जाणणाऱ्या त्याच. संपादकांनी त्यांना गाठलं तेव्हा लावणीचे दिवस होते, वर सरकारी सर्वेक्षणाचं काम. बोलायला कुणाला सवड नव्हती. कन्नड बोलणाऱ्या रुग्णांच्या हकिकतीही दोन-चारच आल्या आहेत. दुसऱ्या आवृत्तीसाठी दोघांकडे पुन्हा जावं लागेल, आणि तेव्हा पावसाळा टाळून जावं.